मेघाच्या यानाचा नवस

नवस फेडता येतो, त्यामागचे किस्से मात्र साचतच जातात. लेकीचं यान सुटलं तेव्हा मी बोलून गेले, "गणराया, ते लघुग्रहापाशी सुखरूप पोहोचेपर्यंत केळं खाणार नाही." माझी मेघा परदेशात एका अवकाश मोहिमेत काम करते. मला वाटलं, लागतील दोन-तीन महिने. लागली चार वर्षं!

आमच्या दीपनगरच्या चतुर्थी मंडळातल्या नलूताईंचं माहेर फैजपूरचं, भावाची केळीची बाग. प्रसादाची फणी कायम त्यांची. मी नुसते हात जोडले की म्हणायच्या, "अहो, मेघाला सांगा ना जरा अ‍ॅक्सिलेटर दाबायला!"

*

मंडळात सगळ्यांत वडील अक्का, धुळ्याकडच्या. मी सांगितलं, यान तिथे उतरणार नाही. जवळून जाईल, फोटो काढेल आणि तसंच पुढे.

अक्कांचा वाती वळणारा हात थांबला. "इतलं दूर जाईसन उतराव नही? मंग गयं कसाले?"

"जाता जाता बघायचं फक्त, अक्का."

"म्हणजे मेघा घर येस तसंच!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, जरा उशिरा.

*

यानासाठी अभिषेक ठेवला. गुरुजींनी संकल्पाला विचारलं, "नाव सांगा." यानाचं सांगितलं. "गोत्र?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "आमचंच लावा. पोरीच्या हातचं आहे ते."

*

यान लघुग्रहाजवळून जायचं त्या दुपारी मी पोथीला बसले. अध्याय पुरा होईस्तोवर उठायचं नाही, बोलायचं नाही, हा माझा नेम. फोन वाजला. मेघा! ऐकायला बसलेल्या नलूताई उचलायला गेल्या, मी खुणेनंच अडवलं. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजून वाजून थांबला.

मागाहून कळलं, फोटो काढायला यानाला तोंड फिरवावं लागतं, तेवढा वेळ त्याच्याशी संपर्क तुटतो. त्या वेळात पोरगी ऑफिसच्या जिन्यात एकटी बसून मला फोन लावत होती.

अध्याय संपवून मी फोन लावला. "पोचलं का गं?"

"पोचलं, आई. सिग्नल आला त्याचा."

"बघ! मी पोथी सोडली नाही."

ती म्हणाली, "मला तुझा आवाज हवा होता गं."

नवस फिटला, आता केळं खाते; आणि फोन पोथीच्या पाटावरच असतो. तिचा आला की ओवीवर तुळशीचं पान ठेवते आणि आधी "बोल बाळा" म्हणते. बायांनो, तुम्हीही एवढा नेम धरा.