लाल गालांचा थकवा

"तुमच्या शरीरात रक्त जास्त तयार होतंय," डॉक्टर म्हणाले, आणि माझा नवरा अविनाश चक्क हसला. "मग चांगलंच की!"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी रिपोर्ट आमच्याकडे फिरवला आणि हिमोग्लोबिनच्या आकड्याभोवती पेनाने गोल केला. बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं एवढंच आम्ही जन्मभर ऐकलेलं. माझं वरची मर्यादा ओलांडून गेलं होतं. जॅक टू नावाच्या जनुकाची तपासणीही पॉझिटिव्ह आली होती.

आजाराचं नाव पॉलिसायथेमिया व्हेरा. हाडांच्या आत रक्त तयार करणारा मगज, म्हणजे बोन मॅरो, गरज नसताना तांबड्या पेशी बनवत सुटतो. रक्त दाट होतं, गुठळी व्हायचा धोका वाढतो. ती मेंदूत किंवा हृदयात अडकली तर जिवावर बेतू शकतं. हा रक्ताचा कॅन्सरच, पण संथ चालीचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. सहसा पूर्ण बरा होत नाही, पण आटोक्यात ठेवता येतो. "माझ्या मुलीला होईल का?" हे मी पहिलं विचारलं. ते म्हणाले, सहसा नाही.

त्याआधी वर्षभर मी नाशिकमधल्या दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवत होते. गरम पाण्याने आंघोळ केली की अंगभर खाज सुटायची. डोकं जड राहायचं. आणि थकवा. खाजेसाठी साबण बदलले, लोशनं लावली. थकव्यासाठी आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "पाळी जायचं वय आलं, टेन्शन घेऊ नका." सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची साधी मोजणी, कुणालाही सुचली नाही. कारण काय, तर माझे गाल लाल! या गोष्टीचा मला आजही राग येतो. तुमचं असं होत असेल तर सीबीसी मागून घ्या. डॉक्टरांना राग येईल म्हणून गप्प बसू नका.

उपचार ऐकायला सोपा. रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी, आणि व्हेनिसेक्शन. म्हणजे शिरेतून रक्त काढून टाकायचं, रक्तदानात काढतात तसंच. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. तो पंचेचाळीस टक्क्यांच्या खाली आणायचा.

पहिल्या वेळी शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ रक्तदान करत होते. त्यांना कॉफी आली, बिस्किटं आली. "घाबरू नका ताई, पुण्याचं काम आहे," ते मला म्हणाले. माझी पिशवी भरली, तिच्यावर मार्करने मोठी फुली मारली गेली. हे रक्त कुणालाही देणार नाहीत, टाकून देणार. कॉफी मात्र मी मागून प्यायले.

रक्त काढलं की डोकं हलकं व्हायचं. थकवा तसाच राहिला, उलट वाढला, कारण रक्ताबरोबर शरीरातलं लोहही जातं. आणि लोहाच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, पुन्हा रक्त वाढतं. डॉक्टर म्हणाले, "थोडा थकवा राहणारच." थोडा! त्यांनी कागदावरही तसंच लिहिलं. मी विचारलं, "तुम्ही मोजलात का?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

हा थकवा झोप काढली की जाणारा नव्हे. सकाळी उठतानाच तो अंगावर असतो. मी शाळेत गणित शिकवते, दुपारच्या वेळेत. फळ्यावर लिहायला हात वर केला की तो परका वाटतो. बोलता बोलता वाक्याचा शेवट सापडत नाही. कणीक मळताना मधेच हात थांबतात आणि मी परातीकडे नुसती बघत राहते.

पण दिसतं तसं नसतं म्हणतात ना, माझ्या बाबतीत ते भलत्याच अर्थाने खरं झालं. शाळेत म्हणायचे, "मॅडम, काय ग्लो आहे!" मुख्याध्यापक म्हणाले, "तुमच्याकडे बघून कुणी आजारी म्हणणार नाही." जणू मी त्यांना फसवत होते. देवळ्याहून नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, रक्त तर वाढलंय तुझं, मग दमतेस कशी?" तरी मला भेटायला येताना बीट, खजूर आणि रक्तवाढीच्या टॉनिकची बाटली घेऊन आली. बीट-खजूर मी खाल्ले. टॉनिक तिच्यासमोर बेसिनमध्ये ओतलं. ती दोन महिने बोलली नाही. बरं झालं.

घरी माझ्या थकव्याला कंटाळा म्हणायचे, आळस म्हणायचे. सासूबाई सिन्नरजवळच्या खेड्यातल्या, मायाळू, पण नेमाच्या पक्क्या. मी शाळेतून यायचे ती नेमकी दिवेलागण. पाय निम्मे ओढत आणलेले असायचे. जरा दिवाणावर टेकले की त्या यायच्या. "उठ गं. तिन्हीसांजेला पडू नाय. लक्ष्मी यायची येळ."

मी उठायचे. बाथरूममध्ये जायचे, कडी लावायचे, नळ थोडा सोडायचे आणि स्टुलावर बसून भिंतीला डोकं टेकायचे. शिकलीसवरलेली, पंचेचाळिशीची बाई, लपून दमत होते. नळ यासाठी, की बाहेर वाटावं, काहीतरी काम चाललंय. अविनाश दार वाजवायचा, "किती पाणी घालवतेस?" बाहेर येऊन मी कुकर लावायचे. रात्री नऊला अशी कोसळायचे की सकाळी शाळा नकोशी व्हायची. रजा वाढल्या. मुख्याध्यापकांनी स्वेच्छानिवृत्तीचा विषय काढला. घरी सगळ्यांनी मान डोलावली.

पुढच्या तपासणीला अविनाश माझ्याआधी बोलला. "डॉक्टर, तुम्हीच हिला नोकरी सोडायला सांगा. झेपत नाहीये."

मी भडकले. बाहेर पेशंट बसलेत याचंही भान राहिलं नाही. "चोर सोडून संन्याशाला फाशी देताय! शाळा झेपते मला. संध्याकाळी अर्धा तास आडवं पडायला मिळत नाही, ते झेपत नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून बसते, ठाऊक आहे तुला?"

त्याला ठाऊक नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "कुणी पडू देत नाही? मी लिहून देऊ का, संध्याकाळी सक्तीची विश्रांती?" त्यांनी पेन उचललंही.

मी नको म्हटलं. आडवं पडायला बाईला डॉक्टरची सही लागावी, एवढी वेळ माझ्यावर आली नव्हती. मात्र त्या दिवसापासून ते थकवा शून्य ते दहात मोजायला सांगतात आणि मी सांगेन तो आकडा लिहितात. त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. तुम्हीही आकडा सांगा. "थोडा" हा शब्द लिहू देऊ नका.

त्या संध्याकाळी मी शाळेतून आले, पर्स टाकली आणि हॉलमध्ये, ट्यूबलाइटखाली, दिवाणावर आडवी झाले. सासूबाई निरांजन घेऊन आल्या.

"अगं, लक्ष्मी यायची येळ झाली."

"येऊ द्या. तीही दिवसभर फिरून दमली असेल. म्हणावं, टेक जरा इथंच."

त्या निरांजन घेऊन तशाच वळल्या. मग देवघरात गेल्या. आतून अविनाशचा आवाज आला, "आई, वरण-भाताला किती शिट्ट्या?" मी डोळे उघडले नाहीत.

पुढे महिनाभर घरात या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही. सासूबाई धुसफुसत दिवा लावायच्या, मी पडून असायचे. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मी केला नाही. रजा कमी झाल्या. थकवा गेला नाही, तो जाणारही नाही कदाचित, पण शाळा सुटेपर्यंत मी उभी असते. रागही गेलेला नाही. तो सोडायचा माझा विचारही नाही, त्याच्याच जोरावर हे झालं.

परवा शेजारच्या काकू सत्यनारायणाचं बोलावणं घेऊन आल्या. दारातूनच त्यांना मी दिसले. "अगंबाई, दिवेलागणीला झोपलीय? बरं नाही का?"

मी उत्तर जुळवत होते. त्याआधी सासूबाईंचा आवाज आला.

"झोपली नाय. दमलीय ती. हळू बोला."