दोन्ही बाह्या डाव्या

कपड्यांच्या त्या कारखान्यात सगळे तिला मास्तर म्हणत. बाई असली तरी मास्तरच. चाळीस थर कापड एकावर एक पसरायचं, वर खडूने आखायचं आणि यंत्राचं पातं त्यातून अलगद फिरवायचं, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शिवणीला माया किती सोडायची, हे ती मोजपट्टीला न विचारता सांगायची.

एका सकाळी वरच्या फळीवरून कापडाचा अख्खा तागा निसटला आणि तिच्या डोक्यात बसला. दहा-पंधरा मिनिटं ती बेशुद्ध होती. इस्पितळात लगेच सीटी स्कॅन झाला. कवटी शाबूत, कुठे रक्ताची गाठ नाही. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कपाळाला सहा टाके घालून तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं.

घरात ती, बस चालवणारा नवरा आणि त्याची थोरली बहीण, अशी तीन माणसं. टाके निघाले, जखम भरली, पण मास्तरचं काही ठीक होईना. नळ सोडून तशीच निघून जायची. भांडं पडलं तरी कानांवर हात ठेवून खोलीत पळायची. बोलता बोलता पुढचा शब्दच हरवायचा आणि त्याचा राग समोरच्यावर निघायचा.

"रिपोर्ट चांगला आला ना? मग आता हे काय नवीन?" नणंद म्हणायची. "आराम अंगवळणी पडलाय, दुसरं काय!"

नवरा गप्प बसायचा. ते गप्प बसणं तिला जास्त लागायचं. कारण खरं सांगायचं तर तिला स्वतःलाही तोच संशय होता. स्कॅनमध्ये काही नाही म्हणतात, म्हणजे खोट माझ्यातच.

दीड महिन्याने ती हट्टाने कामावर गेली. पहिल्याच दिवशी तिने कापलेला गठ्ठा शिवायला गेला आणि तिकडून हाक आली. चाळीस शर्टांना दोन्ही बाह्या डाव्या! मालकीणबाई धावत आल्या. मास्तरचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

"तू असली चूक करूच शकत नाहीस. काहीतरी दुखलंय आत. पुन्हा डॉक्टरला दाखव."

या वेळी मेंदूच्या डॉक्टरबाईंनी एमआरआय सांगितला. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून नणंद सोबत आली, जरा फणकाऱ्यातच.

"अंगावर धातूचं काही?" तिथल्या तंत्रज्ञाने विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाली. कपडे बदलताना तिच्या कॉलरीतून सात टाचण्या निघाल्या.

"आणि ह्या?" तंत्रज्ञाने विचारलं.

"त्या होय! त्या अंगाचाच भाग झाल्यात हो."

कितीतरी दिवसांनी नणंद तिच्याकडे बघून हसली.

यंत्राची धडधड सुरू झाली. कानांत बोळे होते तरी हाडं हलल्यासारखी वाटत होती. मास्तर डोळे मिटून मनातल्या मनात एक सदरा आखत राहिली. गळ्यापर्यंत आली की विसरायची. पुन्हा पाठीपासून सुरुवात.

दोन दिवसांनी डॉक्टरबाईंनी पडद्यावर चित्रं लावली. कपाळामागच्या भागात बारीक बारीक काळे ठिपके होते.

"सीटी चुकला नव्हता," त्या म्हणाल्या. "मोठा रक्तस्राव नाही ना, हे घाईने बघायला तो उत्तम. पण डोकं जोरात हादरलं की आतले बारीक धागे ताणले जातात, तुटतात. तिथे थेंबभर रक्त सांडतं. त्याच्या ह्या खुणा. कामाचा क्रम लावणं, राग आवरणं, सगळं ह्याच भागात चालतं."

मास्तर पडद्याजवळ गेली. एकेका ठिपक्यावरून बोट फिरवत गेली.

"म्हणजे मी नाटक करत नव्हते."

"अजिबात नाही."

ती तिथेच हमसून रडली. नणंदेने तिचा हात घट्ट धरला. "माझी जीभ झडली कशी नाही गं," एवढंच ती पुटपुटली. मग डॉक्टरबाईंकडे वळून तिने विचारलं, "बरी होईल ना?"

"किती, ते हे चित्र सांगत नाही. असे ठिपके असूनही माणसं कामावर परतलेली मी पाहिली आहेत. वेळ लागेल, सराव लागेल."

त्या दिवसापासून घराची घडी बदलली. इस्पितळाच्या पुनर्वसन विभागातल्या बाईंनी एका वेळी एकच काम आणि प्रत्येक कामाची चिठ्ठी, असा नेम घालून दिला. चिठ्ठ्या नणंदच लिहायची. नवऱ्याने रेडिओचा आवाज कमी केला आणि बोलायला लागला, तेही आधी "चुकलंच माझं" म्हणून. मास्तर चिडायचीच, पण आता मागून "हा ठिपका बोलला" म्हणायची आणि तिघं हसायची.

आठ महिन्यांनी ती अर्धा दिवस कामावर जाऊ लागली. कानांत बोळे घालते, दुपारी थकून झोपते, आणि गठ्ठा कापण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी आखणी तपासायला लावते. आधी लाज वाटायची, आता वाटत नाही.

मागच्या महिन्यात तिने नणंदेसाठी चौकड्यांचा कोट शिवला. पूर्वी दिवसाचं काम, आता चार दिवस लागले. पण शिवणीवर एकेक चौकडी अशी जुळली होती की जोड शोधून सापडेना. नणंद आरशासमोर फिरून फिरून बघत राहिली, मग हात खाली नेऊन चाचपू लागली.

"अगं मास्तर, खिसे कुठायत?"

मास्तरने जीभ चावली, खडू उचलला आणि म्हणाली, "हलू नकोस. आत्ता आखते."