ज्वारी, उडीद आणि गेरूची फुली

माझे उडीद संपत चालले म्हणून मी माडीवर गेले, नाहीतर भाडेकरूच्या खोलीत पाऊल टाकायचं मला काही कारण नव्हतं. आमचं घर गावाच्या वेशीपासून, शनवाऱ्याच्या दरवाजापासून, हाकेच्या अंतरावर. माडी आम्ही भाड्याने दिली होती. भाडेकरू कॉलेजात गणित शिकवायचा, नागपूरकडचा, बिनलग्नाचा. सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणे. त्याने सासूबाईंकडून मूठभर उडीद, मूठभर हरभरे आणि शेरभर ज्वारी मागून नेली. मग पुन्हा उडीद. मग पुन्हा उडीद. एकटा माणूस इतके उडीद खातो कसा, हे मला बघायचं होतं.

तो खात नव्हता. जमिनीवर परात ठेवून त्यात तिन्ही धान्यं मिसळून हलवत होता.

“मास्तर, हे माझे उडीद आहेत.”

“वहिनी, हे उडीद नाहीत. ही आजारी माणसं आहेत.”

“मला तर चांगले दिसतात. एकालाही कीड नाही.”

तो हसला आणि मला परातीजवळ बसवलं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण त्याने सांगितलं ते मला कळलं, आणि अजून आठवतं. ज्वारी म्हणजे ज्याला माता, म्हणजे देवीचा रोग, येऊ शकते असा माणूस. उडीद म्हणजे ज्याला आली आहे तो. हरभरा म्हणजे ज्याला आता येणार नाही, कारण एकदा येऊन गेली किंवा टोचून घेतलं. परात हलवायची. ज्वारीच्या ज्या दाण्याला उडीद चिकटून बसला तो उचलायचा, त्याजागी उडीद टाकायचा. आधीचा उडीद काढून तिथे हरभरा ठेवायचा. पुन्हा हलवायचं.

सुरुवातीला हरभरे थोडे असले की उडीद परातभर पसरत आणि ज्वारी संपत येई. हरभरे भरपूर असले की उडदांना ज्वारी सापडतच नसे. मग उडीद संपून जात आणि ज्वारीचे कितीतरी दाणे, ज्यांना कोणी टोचलेलं नव्हतं, तसेच पांढरे राहत. हे मी माझ्या हाताने करून पाहिलं. मला ते फार आवडलं. देवळातल्या कथेतही माझं मन इतकं कधी गुंतलं नव्हतं.

ह्याच दाण्यांनी त्याने आधी बाजाराच्या दिवशी शनवाऱ्याच्या दरवाजात टांगे कसे अडकतात ते मांडलं होतं. त्याआधी पाण्यात निळीचा थेंब कसा पसरतो ते.

“टांगा, नीळ आणि माता एकच कशी?” मी विचारलं.

“एक नाहीत. पण तिघांतही शेजारी शेजाऱ्याला काहीतरी देतो. तेवढंच मी घेतलं, बाकीचं सोडलं.”

बाकीचं सोडलं, हे तो इतकं सरळ म्हणाला की मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. शिकलेली माणसं सहसा काही सोडत नाहीत.

आता माता का, ते सांगते. पलीकडच्या रंगाऱ्यांच्या भागात माता आली होती आणि एक मूल गेलं होतं. माझी मुलगी तेव्हा नुकती धावायला लागली होती आणि तिचा दंड कोरा होता. मला तिला टोचून घ्यायचं होतं. सासूबाई घेऊ देत नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. त्या म्हणत, “ती माझ्याकडे येऊन गेली, मला सोडून गेली. तिला ह्या घरातून काढायचं नाही.” आपल्याकडे टोचण्याला देवी काढणं म्हणतात ना, तो शब्दच त्यांना सहन होत नसे. मुलीचे वडील कापसाच्या जिनिंगवर कामाला, आईपुढे बोलणारे नव्हेत. मी म्हणाले असते तरी माझं कोण ऐकणार होतं?

त्या वर्षांत आमचा प्रांत नुकताच बदलला होता. नागपूर सुटलं होतं, भोपाळ आलं होतं. हापिसात नवे लोक आले आणि ते फक्त हिंदी बोलत. टोचणारा, ज्याला आम्ही देवी डॉक्टर म्हणत असू, तोही नवा होता. तो दारोदार फिरला आणि बाहेरूनच विचारत गेला, “माई, इस घर में माता निकली?” सासूबाईंनी दार अर्धंच उघडलं आणि म्हणाल्या, “निकली, निकली, सबकी निकली,” आणि दार लावलं. त्याने दारावर गेरूची फुली मारली आणि पुढे गेला. मी आत भाकरी थापत होते. बाहेर आले तोवर तो गल्लीच्या टोकाला होता. आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक दारावर फुली.

मास्तर कॉलेजातून येताना त्या फुल्या बघत आला. फुली म्हणजे ह्या घरात माता आहे, हे त्याला देवी डॉक्टरानेच सांगितलं होतं. त्याने परातीत खडूने गल्ल्या काढल्या, फुलीच्या घरात उडीद ठेवले आणि खेळ सुरू केला. मी सुकलेले कपडे आणायला वर गेले तेव्हा तो डोकं धरून बसला होता.

“काय झालं?”

“वहिनी, आपली गल्ली उडदांनी भरली आहे आणि शेजारच्या दोन्ही गल्ल्या कोऱ्या. एकाच विहिरीवर पाणी भरता, एकाच चक्कीवर दळता. कितीही वेळा हलवलं तरी असं होत नाही.”

“मग तुमचे दाणे चुकले.”

“तेच आधी धरलं. पुन्हा सगळं मांडलं. मग वाटलं, फुल्याच चुकल्या असतील. आपल्याही दारावर आहे, आणि इथे तर कोणी आजारी नाही.”

कुठल्या माणसाला आपलं गणित आणि समोरचं दार ह्यांत दाराविषयी शंका येते? मला हसू आलं. पण तो उठून खाली गेला, आणि मी मागे गेले. समोरच्या घरची बाई ओट्यावर शेवया वळत होती.

“मावशी, तुमच्याकडे कोण आजारी आहे?”

“आजारी पडो तुमचा वैरी! आमच्याकडे कोण आजारी?”

“मग दारावर फुली?”

“ती देवी काढल्याची. त्याने विचारलं, माता निकली का. मी म्हटलं, निकली, मागल्याच साली, चारही पोरांची. दंड दाखवू का?”

मास्तर तिथेच ओट्यावर बसला. हिंदीत माता निकली म्हणजे अंगावर देवी उठल्या. आमच्या बायकांनी ऐकलं देवी काढली, म्हणजे टोचून झालं. देवी डॉक्टराने ‘हो’ ऐकलं आणि उलटा अर्थ लावला. शेजारच्या गल्ल्यांत हिंदी बोलणारे, त्यांना प्रश्न बरोबर कळला आणि त्यांनी ‘नाही’ म्हटलं. मातेच्या घरात डोकावून बघायची त्याचीही इच्छा नव्हती. गल्लीतल्या एकाही बाईला ते कळलं नाही, त्या माणसालाही कळलं नाही. परातीतल्या दाण्यांना कळलं.

“म्हणजे ही गल्ली सगळी हरभऱ्यांची आहे,” मास्तर खूश होऊन म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. “तुमच्या घरीही?”

मी मुलीची बाही वर केली. त्याचा चेहरा उतरला.

आता सासूबाई खोटंच बोलल्या होत्या, आणि त्या खोट्याचाही अर्थ उलटा झाला होता. मास्तराने त्यांना व्याख्यान दिलं नाही. परात खाली आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. सासूबाईंना धान्य निवडायची सवय, त्यांचे हात आपोआप चालू लागले. दोन-तीन डाव झाल्यावर त्यांनी ज्वारीचा एक दाणा उचलला आणि कुंकवात बुडवला.

“ही माझी नात. आता हलव.”

“मावशी, गल्लीत हरभरे खूप आहेत, बहुतेक वाचेल. पण मी सांगू शकत नाही. मला परातीचं कळतं, एका दाण्याचं नाही.”

“इतकं शिकून?”

“इतकं शिकूनच.”

खरं सांगते, तो खोटं बोलला असता तर काम लवकर झालं असतं. पण तो बोलला नाही. त्याने परात हलवली. लाल दाणा वाचला. सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की झालं, जिंकले. पुन्हा हलवली, पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा एक उडीद त्याला येऊन चिकटला. मास्तराने नियमाप्रमाणे लाल दाणा उचलायला हात पुढे केला आणि सासूबाईंनी त्याच्या हातावर फटका मारला.

मुलगी परातीतले हरभरे खात होती.

“त्या डॉक्टराला बोलव,” सासूबाई म्हणाल्या. “पण काढायची म्हणायचं नाही. माझ्या घरातून देवी काढायची नाही.”

“मग काय म्हणायचं?”

“बसवायची.”

देवी डॉक्टर आला तेव्हा त्या दारात पाट मांडून उभ्या होत्या.

“बैठाओ,” त्या म्हणाल्या.

“क्या बैठाऊँ, माई?”

“देवी. और क्या?”

त्याने मास्तराकडे बघितलं. मास्तर म्हणाला, “बैठाइए, साहब.” मुलीला पाटावर बसवलं, डॉक्टराने दंडावर लस लावून टोचायची दातेरी चकती फिरवली, मुलीने गल्ली डोक्यावर घेतली. सासूबाई हळदकुंकू घेऊन पुढे आल्या तसा तो ओरडला की हाताला काही लावायचं नाही. मग त्यांनी ते दारावरच्या फुलीला लावलं.

आता त्यांना वाट बघायची होती, टोचलेली देवी धरली की नाही ह्याची. रोज सकाळी त्या बाही वर करून बघत. दंड लाल झाला, फोड आला, फोडावर खपली धरली. सासूबाईंनी चष्मा लावून खपली नीट बघितली.

“बसली,” त्या म्हणाल्या. आणि माडीकडे तोंड करून हाक मारली, “मास्तर! उडीद पाहिजेत का?”