काळ्या मातीतला रातकिडा

१९६२, एप्रिलअखेरचा रविवार, सकाळ. हजर: थोरले दीर, जाऊबाई, विहीर खणणारा गडी आणि मी. बाकीचं घर बांद्याला लग्नाला गेलं होतं.

परसातली विहीर बारा हात जांभ्यातून गेली आणि जांभा संपला. खाली काळी चिकट माती लागली, तिच्यात पानांचे ठसे. गड्याने एक ढेकूळ फोडून टोपलीतून वर पाठवलं. त्यात एक रातकिडा होता, चपटा झालेला.

"फोडल्यार गावलो काय वरच चिकटलेलो?" दिरांनी वाकून विचारलं.

"फोडल्यार. तसा नीट आठवणा नाय," खालून उत्तर आलं.

दिरांनी काम थांबवलं. जमिनीच्या पोटातून जीव निघाला तर तो जागेच्या राखणदार देवाचा. त्याला गाऱ्हाणं घालून परवानगी मागितल्याशिवाय पुढे कुदळ लावायची नाही. आणि गावचं गाऱ्हाणं घालणारे मानकरी मुलाकडे मुंबईला, ते मेअखेर येणार. तोवर खणलं नाही तर विहीर पावसाआधी बांधून होणार नाही, काठ ढासळणार. म्हणजे जाऊबाईंना आणखी एक वर्ष खालच्या व्हाळावरून, ओढ्यावरून, पाणी. चढण, दिवसाला आठ खेपा.

"तू शाळेत शिकवतंस," दीर मला म्हणाले. "जुनो काय कालचो, ता सांग. कालचो आसलो तर काय एक नाय."

मी वहीत किड्याचं चित्र काढलं आणि आजच्या रातकिड्याशी ताडायला दोन रकाने आखले. सारखं: अंगापेक्षा लांब मिशा, उडीची मागची तंगडी, शेपटीकडचे दोन काटे, पंखांवरच्या शिरा. वेगळं: काही नाही. इथेच माझी पंचाईत झाली. वर बारा हात अखंड जांभा, म्हणजे किडा त्याच्याही आधीचा. पण सातवीच्या मुलींना मीच शिकवत होते, की प्राणी हळूहळू बदलत आले, पाखरांच्या कितीतरी आधी किड्यांना पंख फुटले. मग सगळे बदलत असताना हा तसाच कसा? की रात्री टोपलीत पडला आणि ढेकळाखाली चिरडला? रातकिडा पंखावर पंख घासून आवाज काढतो. हा जुना असेल, तर तो आवाज ऐकायला तेव्हा कोण होतं? या प्रश्नाचा विहिरीशी संबंध नव्हता, पण डोक्यातून जाईना.

"मला कळत नाही," मी म्हटलं.

"इतकी बुका वाचून?" दीर म्हणाले.

"माका दी गो," जाऊबाई म्हणाल्या. "चोळून बघतंय. कालचो आसलो तर पाय हातात येतलो." ढेकूळ कळशीच्या पाण्यात बुडवून त्यांनी काथ्याने घासलं, भांडं घासतात तसं. मी हात पुढे करेपर्यंत माती विरघळली. काळं पाणी अळवाच्या मुळाशी गेलं.

"आता जुनोव नाय नि कालचोव नाय," त्या दिरांना म्हणाल्या. "खणा."

दीर विहिरीच्या काठाशी गेले. मग खाली ओरडून म्हणाले, "लाव रे."

चौथ्या दिवशी पाणी लागलं. जाऊबाईंच्या हातून ते चुकून झालं, की माती विरघळणार हे ठाऊक असूनच त्यांनी घासलं, हे मी अजून विचारलेलं नाही, विचारणारही नाही. राहिलं आहे ते दुसरंच. वहीतल्या चित्रात उजव्या पंखाच्या सात शिरा मी काढल्या आहेत. न्हाणीघरामागचा एक जिवंत रातकिडा पकडून त्याच्या मोजायच्या आहेत.