बाजूच्या सीटवरचा ब्रेक

तोंडावर सगळे तिला बाई म्हणत, पाठीमागे करकचबाई. गाडी शिकवण्याच्या धंद्यात तिची बावीस वर्षं गेली होती आणि एवढ्या वर्षांत तिच्या गाडीला साधा ओरखडा आला नव्हता. हे ती भेटेल त्याला, कुणी न विचारता, ऐकवायची.

शिकवायच्या गाडीत बाजूच्या सीटसमोर दुसरा ब्रेक असतो. चालवणाऱ्याचं चुकलं तर शिकवणाऱ्याने तो दाबायचा. दोन्ही ब्रेक खालून एका लोखंडी दांडीने जोडलेले असतात. बाईचा पाय त्या ब्रेकवर नुसता ठेवलेला नसायचा, टपून बसलेला असायचा. समोर कुत्रं दिसो, सायकल दिसो, नाहीतर वाऱ्याने उडालेली कागदी पिशवी, शिकणाऱ्याच्या डोक्यात काही यायच्या आत बाईचा पाय खाली जायचा आणि गाडी करकचून उभी राहायची. मग तोंडाचा पट्टा सुटायचा. डोळे घरी ठेवून आलात का, हा त्यातला सगळ्यात सौम्य प्रश्न. दाताचे डॉक्टर, शाळेतल्या शिक्षिका, नवे नवरे, कुणाचीही गय नाही. भलेभले लोक तिच्या गाडीतून कान पाडून उतरत आणि दुसऱ्या दिवशी पैसे भरले आहेत म्हणून परत येत.

यातले निम्मे लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत नापास व्हायचे. बाईच्या मते याला एकच माणूस जबाबदार होता, तो म्हणजे जाड चष्म्याचा परीक्षक. तो आपल्याला पाण्यात पाहतो, असं तिने ठरवून टाकलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण ती विद्यार्थ्यांना दिवसातून दोनदा ऐकवायची, पण स्वतःच्या अंगणाकडे तिने कधी बघितलं नव्हतं. मग त्या चष्मेवाल्याने तिच्या लेकीलाच नापास केलं, तेही दोनदा.

लेक वर्षभर घरी बसून होती. पहिलं ऑफिस बंद पडलं आणि दुसरं काही मिळेना. तेवढ्यात एका दवाखान्याने तिला व्हॅन चालवायचं काम देऊ केलं. मूत्रपिंडाचे रुग्ण घरून आणायचे आणि उपचार झाले की परत सोडायचे. जुना ड्रायव्हर निवृत्त होत होता. दवाखान्याने सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत लायसन्स दाखवा, नाहीतर आम्ही दुसरं माणूस बघतो. पोरीला ते काम मनापासून हवं होतं. म्हाताऱ्या माणसांशी तिचं चांगलं जमायचं, आणि मुख्य म्हणजे दिवसभर आईच्या नजरेआड राहता आलं असतं. हे दुसरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना माहीत होतं.

दोन्ही वेळा चूक एकच झाली. चौकात समोरून गाडी आली आणि पोरीने ब्रेक दाबायला उशीर केला. दुसऱ्या वेळी बाई परीक्षेच्या मैदानाच्या भिंतीशी उभी राहून बघत होती. निकाल ऐकला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परीक्षकाच्या टेबलाशी जाऊन तिने आकाशपाताळ एक केलं. हातातलं पाकीट टेबलावर आपटलं, वरच्या साहेबांकडे जायची धमकी दिली, रांगेतल्या लोकांना साक्षीला बोलावलं. परीक्षकाने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाला, "बाई, तुमची मुलगी गाडी थांबवत नाही. गाडी थांबायची वाट बघते."

बाईला तो टोमणा वाटला. घरी येताना तिने सगळा राग लेकीवर काढला. माझ्याबरोबर असताना बरी थांबतेस, तिथेच नेमकी काय भूल पडते, असं तिने चार वेगवेगळ्या प्रकारे विचारलं. लेक खिडकीबाहेर बघत होती.

"तुझ्याबरोबर मी थांबतच नाही, आई," ती एवढंच म्हणाली. उद्धटपणाबद्दल बाईने तिला आणखी सुनावलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गोदामांच्या बाजूच्या रस्त्यांवर सराव सुरू झाला. इतर विद्यार्थी यायच्या आधीचा तासभर लेकीचा. पहिल्याच सकाळी बाईला आपला ब्रेक जरा हलका वाटला. गॅरेजच्या मिस्त्रीला तिने खडसावलं, तर तो जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालून म्हणाला की तेल दिलंय, बसेल हळूहळू. त्याचंही काही खरं नाही, असं म्हणून तिने सोडून दिलं. बाकी सगळं नेहमीसारखंच होतं. ट्रक दिसला की बाईचा पाय खाली, गाडी उभी आणि तोंड सुरू. उलट लेक आताशा गुमान ऐकून घेत होती, त्यामुळे बाईला आणखी चेव चढायचा. मी बाजूला नसते तर आज तुझं काय झालं असतं, हे वाक्य त्या आठवड्यात तिने किती वेळा म्हटलं, त्याला गणती नाही.

आठवडा संपता संपता, एका गोदामाच्या फाटकातून मालाचा ट्रक रिव्हर्स घेत एकदम रस्त्यावर आला. बाईने ब्रेक दाबला. पाय खालच्या रबरी चटईला टेकला. आणि गाडी पुढेच जात राहिली.

निमिष गेलं असेल. मग गाडी थांबली, झटका न बसता, ट्रकपासून चांगली दोन हात अलीकडे.

बाईने वाकून खाली बघितलं. दोन ब्रेक जोडणारी दांडी एका बाजूने सुटून लोंबत होती. तिच्या ब्रेकखाली कुणीतरी एक स्प्रिंग बसवली होती, पायाला दाब लागावा म्हणून. लेकीने खिशातून दांडीची पिन काढली आणि काचेसमोर ठेवली.

"आठवडाभर रोज सुटलेली असते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "आपल्या तासापुरती मी काढते, मग परत लावते. तू आठवडाभर दाबतेयस आणि मी थांबवतेय. एकदा तरी चुकले का?"

बाई जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि खरं सांगायचं तर तिचं सगळंच चूक नव्हतं. ब्रेक निकामी करणं हा पोरखेळ नाही, कुणाचा जीव गेला असता. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. विश्वासघातकी, घरभेदी, आपलेच दात आपलेच ओठ, असं करत करत ती पोरीच्या जन्मापर्यंत गेली. मग दार आपटून उतरली आणि गाडी, पोर, ट्रक, सगळं तिथेच टाकून तरातरा चालत निघाली.

आधी ती गॅरेजवर गेली. मिस्त्रीला तिने असे खडे बोल सुनावले की शेजारच्या पंक्चरवाल्याने हातातलं काम थांबवलं. मिस्त्रीने मान खाली घालून ऐकलं. स्प्रिंग आपणच लावली, हे त्याने कबूल केलं. पिन रोज पहिल्या विद्यार्थ्याच्या आधी आपण स्वतः तपासत होतो, असंही सांगितलं. आधी मला का नाही विचारलंस, असं बाईने विचारलं, तर तो म्हणाला, "विचारलं असतं तर काय म्हणाला असतात, बाई?" काय म्हणाली असती हे दोघांनाही माहीत होतं. तिने स्टुलाला लाथ मारली आणि ती घरी आली.

नवरा पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर बसून कुणाच्या तरी पडद्यांना काठ लावत होता. तिचा राग त्याच्या सवयीचा होता. तिने सगळं सांगितलं, दोन वेळा, दुसऱ्या वेळी पहिल्यापेक्षा मोठ्याने. तिचा श्वास संपेपर्यंत तो थांबला, दोरा तोडला आणि म्हणाला, "दांडी दिसली तेव्हा राग आला, की त्याच्या आधी?"

हा काय प्रश्न झाला, असं म्हणून ती आत निघून गेली. भांडी आदळून झाली. ओटा दोनदा पुसून झाला. पण प्रश्न कानात शिरला होता.

आपल्या विद्यार्थ्यांना बाई एक गोष्ट घोकून घ्यायला लावायची. कुठेही वळायचं तर आधी आरसा बघा, मागे काय आहे ते नीट कळल्याशिवाय हात हलवू नका. ओट्याला टेकून उभ्या उभ्या तिने मागे बघायला सुरुवात केली. दांडी दिसली, राग आला. त्याच्या आधी पाय चटईला टेकला. त्याच्याही आधी? ट्रक फाटकातून बाहेर आला आणि तिच्या पोटात खड्डा पडला. हो, पडला होता. ब्रेकच्या आधी पोटात काहीतरी खचलं होतं, आणि त्यानंतर राग असा धावून आला होता की तो खड्डा कधी झाकला गेला ते तिला कळलंच नाही.

तिने आणखी मागे बघितलं. पोर रांगत रांगत जिन्याच्या तोंडाशी पोचली होती, तेव्हा आधी पोटात खड्डा पडला होता, मग पोरीला चापट बसली होती. पोर कॉलेजला परगावी निघाली, त्या दिवशी बॅग कशी भरलीस म्हणून बाईने स्टेशनवर तमाशा केला होता. त्याच्या आधीही पोटात तेच झालं होतं. नवऱ्याच्या छातीत दुखलं, तेव्हा ती त्याच्यावरच खेकसली होती. दरवेळी भीती आधी आली होती. तिला भित्री म्हणायची कुणाची टाप नव्हती, आणि ती तर आयुष्यभर भिऊनच जगत होती, वर सगळ्यांना आवाज चढवून दाखवत होती.

हे कळल्यावर माणूस शांत होतो म्हणतात. बाईचा उलट भडका उडाला, आणि या वेळी स्वतःवर. तिला तो निम्मा वर्ग आठवला, मान खाली घालून परीक्षेहून परत येणारा. बावीस वर्षं ओरखडा नाही म्हणून आपण मिरवलो. कुणाला थांबता येतं आणि कुणाला नाही, हे आपल्याला कळणार तरी कसं होतं? आपण कुणाला थांबू दिलंच कुठे? भल्याभल्या शहाण्या लोकांना आपण वाट बघायला शिकवलं आणि त्याचे पैसे घेतले. तिला इतकी चीड आली की हातातलं फडकं तिने मोरीत फेकून दिलं. मग तिथेच जमिनीवर बसून ती रडली, आणि त्याचाही तिला राग आला.

तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी मैदानापर्यंत गाडी लेकीनेच न्यायची होती. मधले दोन दिवस मायलेकी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. पिन बाईने परत जागेवर लावून घेतली होती. गाडीत बसल्यावर तिने पायातले बूट काढले, पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली. लेकीने एकदा त्या मांडीकडे बघितलं, एकदा आईच्या तोंडाकडे.

"चालव," बाई म्हणाली.

वाटेत दोन रिक्षा आडव्या आल्या, एक मुलगा रस्ता ओलांडताना मध्येच थबकला. दरवेळी बाईने स्वतःची पोटरी दोन्ही हातांनी आवळून धरली. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, नुसता घाम फुटला. लेकीने दरवेळी गाडी थांबवली. मैदानाशी पोचल्यावर बाई म्हणाली, "मला भीती वाटते. आधीपासून वाटते. म्हणून ओरडते."

ही गळ्यात पडायची वेळ होती, असं कुणालाही वाटेल. लेकीला तसं वाटलं नाही. तिने गाडी बंद केली आणि समोर बघतच बोलली.

"मला दरवेळी वाटायचं, मीच ठार मठ्ठ आहे. तू ओरडलीस की डोक्यातलं सगळं पुसलं जायचं. शाळेच्या अभ्यासातही, घरकामातही. हे तुला आधी सांगता येत नव्हतं?"

"मलाच माहीत नव्हतं."

"मग माझा राग एवढ्यात जाणार नाही," लेक म्हणाली.

"नको जाऊ दे," बाई म्हणाली, आणि बूट हातात घेऊन खाली उतरली.

पोर पास झाली. परीक्षकाने बाईकडे बघून मान हलवली. बाईने त्याला नमस्कार वगैरे केला नाही, तो अजून तिला फारसा आवडत नव्हता.

पुढच्या महिन्यात एका सकाळी बाईच्या गाडीत बँकेतले एक गृहस्थ शिकत होते. चौक आला. डावीकडून एक पांढरी व्हॅन येताना दिसली आणि बाईच्या पोटात खड्डा पडला. पाय उचलला गेला. तो तिने ब्रेकच्या वर, हवेतच, धरून ठेवला.

"मला भीती वाटतेय," ती मोठ्याने म्हणाली. "तुम्ही समोर बघा."

बाईला भीती वाटते हे ऐकून गृहस्थांची बोबडी वळली, पण त्यांनी ब्रेक दाबला, स्वतःच्या पायाने, जरा उशिरा आणि जरा जास्तच जोरात. गाडी थांबली. समोरून व्हॅन गेली. मागच्या सीटवर दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या आणि स्टिअरिंगवर लेक होती. तिने आईची गाडी ओळखली नसेल असं नाही, पण तिने मान वळवली नाही. साधा हातही केला नाही. बाईला चटकन राग आला. मग तिने नीट मागे बघितलं, तर आधी वाईट वाटलं होतं, आणि त्याच्या अगदी तळाशी पोरीचा अभिमान होता. दोन्ही तिने गिळून टाकलं नाही, राहू दिलं.

व्हॅन चौकातून दिसेनाशी झाली. शेजारी गृहस्थ अजून ब्रेक दाबून बसले होते.

"बाई, आता जाऊ का?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता?" बाई खेकसली. "तुम्ही बघा."