कावळा नव्हे, पाणकावळा

सकाळी साताऱ्याहून सांगलीची एसटी पकडली. सवयीने खिडकीची जागा ह्यांच्यासाठी सोडली. कराडला एक बाई तिथे येऊन बसल्या, तेव्हा मला त्यांचा उगाचच राग आला. दर हिवाळ्यात आम्ही नवराबायको कृष्णेवर पाणकावळे बघायला जायचो. हे गेल्यानंतरची ही पहिलीच खेप.

घाटावर नावाडी होडीतलं पाणी उपसत होता. "कावळे कुठे दिसतील हो?" मी विचारलं. घाईत 'पाण' तोंडातच राहिलं.

त्याने माझ्या हातातल्या भडंगाच्या पुड्याकडे पाहिलं. "दहावा हाय व्हय मावशी? पल्याड लय कावळं हायती. लगेच शिवत्यात."

जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, तरी मी पुडा पदराआड लपवला. ह्यांच्या पिंडाला कावळा शिवलाच नव्हता. घर सांभाळू, लेकीकडे बघू, सगळी वचनं देऊन झाली. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तेव्हापासून एकच टोचणी, ह्या माणसाचं राहिलं तरी काय?

"पाणकावळा हो. बुडी मारणारा."

"आसं व्हय! चुकलं. बसा."

नदीच्या मध्यावर वारं झोंबत होतं. एक पाणकावळा पोहता पोहता गडप झाला.

"येवडा दम कुठनं आणतोय?" नावाड्याने विचारलं.

"नुसता छातीत नाही साठवत. त्याचं मांस गडद लाल असतं. त्या लालीतच प्राणवायू धरून ठेवतो आणि खाली तोच वापरतो."

"म्हंजी शिदोरी आंगातच!"

हे असते तर खूश झाले असते. पक्षी बुडाला की हे श्वास रोखायचे आणि मी आकडे मोजायचे. पक्ष्याशी लावलेल्या ह्या पैजेत नेहमी हेच जिंकायचे. गेल्या हिवाळ्यात मात्र फुप्फुसं थकलेली, बारालाच खोकले. हसून म्हणाले, "पुढच्या वर्षी फिटंफाट करतो."

मी ताडकन उठले. होडी डुगडुगली.

"आवं बसा, बुडवशिला!"

हेच राहिलं होतं! आणि आम्ही शहाण्यांनी कावळ्याला नको ती वचनं दिली.

पक्षी पुन्हा बुडाला. मी तोंड मिटून बोटांवर मोजू लागले. अठरा. वीस. छाती फुटायला आली. बाविसाला तो वर आला, चोचीत मासा घेऊन. मग मी श्वास सोडला, आणि त्याच्याबरोबर रडूही आलं.

"झाली हो फिटंफाट," मी ह्यांना मोठ्याने सांगितलं. नावाडी वल्ही मारत राहिला.

परतताना खिडकीशी मीच बसले. भडंग एकटीला संपेना. इतक्या वर्षांच्या सोबतीची शिदोरी अंगात आहे खरी, पण पुढच्या हिवाळ्यात मी श्वास रोखला, तर आकडे मोजायला कोण आहे?