टिटवीची ड्युटी

आमच्या मावशीच्या यजमानांएवढ्या मोठ्याने बोलणारा माणूस अख्ख्या भिवंडीत दुसरा नसेल, आणि पशुपक्ष्यांवर एवढा ओरडूनही त्यांचा लाडका राहिलेला माणूस तर जगात नसेल. आम्ही त्यांना काका म्हणत असू. त्यांचं सारं आयुष्य पॉवरलूमच्या कारखान्यात मुकादमी करण्यात गेलं. मागांच्या खडखडाटात कान अर्धे गेले आणि घसा मात्र दुप्पट झाला. काकांनी "चहा टाक" म्हटलं की शेजारच्या दोन घरांतही आधण चढायचं.

कोन गावच्या रस्त्याला, जरा आत, त्यांची छोटी वाडी होती. काही आंबे, एक विहीर आणि पुढे खडकाळ माळ. निवृत्त झाल्यावर काका रोज तिथे जात, आणि सवयीने त्यांनी तिथेही शिफ्ट लावून टाकल्या होत्या. साप दिसू नयेत ही दिवसपाळीच्या मुंगसाची जबाबदारी. कारखान्यात कामगारांशी हिंदीत बोलायची सवय, म्हणून मुंगसालाही हिंदीच. "चलो भाई, ड्युटी पे लगो!" आंब्याच्या ढोलीतला पिंगळा रातपाळीचा, त्याला दिवसा कोणी उठवायचं नाही, असं काका त्याच झाडाखाली उभे राहून ओरडून सांगत. पिंगळा डोळाही उघडत नसे. हळू बोलणारा पाहुणा आला की मात्र सगळी पाखरं भुर्र. चैत्रात तांबट पक्षी टुक टुक करू लागला की काका खाटेवर आडवे होत. त्यांना शांततेत झोप येत नसे. "हा एक लूम तरी ऐकू येतं बाबा मला," असं म्हणत ते सुखाने घोरायला लागत.

कारखान्यात आवाज पोचत नाही, म्हणून तिथे हातांनी बोलतात. पंजा पुढे-मागे हलवला की माग चालू, मूठ वळून वर धरली की माग बंद. पुढे घरातही मावशी आणि काका याच खुणांनी बोलू लागले.

मावशीचा संसार चाळीतल्या एका खोलीत झाला होता. भिंतीपलीकडे रात्रंदिवस लूम चाले. तिला वाडीवर घर हवं होतं, दोन खोल्या आणि वर पत्रे एवढंच. त्या वर्षीची बुद्धपौर्णिमेची वंदना आपल्या घरात करायची, असं तिने मनाशी धरलं होतं.

फाल्गुन सरता सरता गवंडी आला. माळावर पांढऱ्या फक्कीने घराच्या पायाची आखणी झाली. पहिली कुदळ मारायचा मान काकांचा. त्यांनी ती उचलली मात्र, एक टिटवी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालत किंचाळू लागली. टिपेचे आवाज काकांना कधीचेच ऐकू येत नसत, त्यांना दिसली ती नुसती उघडी चोच.

"पाखरू कसा खूश हाय बघ! घराला सलामी देतं!"

टिटव्या ओरडतातच, म्हणून गवंड्यानेही लक्ष दिलं नाही. मावशीने मात्र खाली पाहिलं. आखणीच्या आत, खड्यांमध्ये, खड्यांच्याच रंगाची अंडी होती. ती काही बोलली नसती तर कोणाला कळलंही नसतं. तिने एकदा फक्कीच्या रेघांवरून नजर फिरवली. मी शेजारी उभा होतो, मला तिचा चेहरा बघवेना. मग तिने मूठ वळून वर धरली.

काकांची कुदळ हवेतच थांबली.

"तिचा घर आधीच झालाय," मावशी म्हणाली. "आपला होईल मागून."

गवंडी दुसऱ्या कामाला गेला, तो पावसाळ्याआधी फिरकला नाही. त्या वर्षीची वंदना आंब्याखाली झाली. काकांनी एवढ्या जोरात त्रिशरण म्हटलं की पिंगळ्याने भर दिवसा डोळे उघडले. मावशी खूप हसली. पण तिची नजर अधूनमधून पुसट झालेल्या फक्कीकडे जात होती, हेही मी पाहिलं.

घर पुढच्या वर्षी झालं, जरा बाजूला सरकून. माळाचा तो तुकडा काकांनी मोकळाच ठेवला. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी टिटवी तिथे येई. काकांना तोवर तांबटही ऐकू येईनासा झाला होता. टिटवी ओरडली की मावशी दारातून पंजा पुढे-मागे हलवी, आणि काका खाटेवरून साऱ्या कोनला सांगत, "आली ड्युटीवर!"

काका गेले, त्यानंतरच्या चैत्रात मी वाडीवर गेलो होतो. मावशी चहा गाळत माझ्या मुलांची चौकशी करत होती. एवढ्यात माळावर टिटवी ओरडली. बोलता बोलता मावशी खाटेकडे वळली आणि तिचा पंजा पुढे-मागे हलला.

खाट रिकामी होती. मावशीने तो हात हळूच पदराखाली घेतला.